जंगल संपल्यावरचा लाकूडतोड्या

काही वर्षांपूर्वी एका अमेरिकन कथेचा मराठी अनुवाद करताना अगदी साध्या वाक्यापाशी मी अडले. कथेतली मुलगी सांगते, की लहानपणी आपला बाप तिला पॉल बन्यनसारखा वाटायचा. बस, एवढंच, पुढे त्या नावाचा उल्लेख नाही. अमेरिकन वाचकाला तो लागतही नाही. चौकड्यांचा शर्ट, मोठाले बूट, कुऱ्हाड आणि सोबत निळा बैल असा एक अवाढव्य माणूस त्याच्या डोळ्यांपुढे आपोआप उभा राहतो. मी आधी 'महाकाय लाकूडतोड्यासारखा' असं लिहिलं आणि खोडलं. आपला लाकूडतोड्या शाळेच्या पुस्तकातला. त्याची कुऱ्हाड नदीत पडते, तो काठावर रडत बसतो, जलदेवता सोन्याची कुऱ्हाड वर काढते आणि तो म्हणतो, ही माझी नाही. गरीब, एकटा, मोळी विकून पोट भरणारा. पॉल बन्यनची कुऱ्हाड नदीत पडली असती तर नदी तुंबली असती. संपादकांनी फोनवर तोडगा सुचवला, "अहो, भीम करून टाका की." भीम झाडं उपटतो हे खरं, पण उपटलेली झाडं तो विकत नाही.

शेवटी मी नुसतं नाव ठेवलं. मुद्रितशोधकाने त्याचं 'पॉल बनियन' केलं होतं, ते सुदैवाने वेळेत सापडलं. तळटीप द्यावी म्हणून लिहायला बसले, तर ती कथेहून लांब व्हायला लागली. मग ती फाइलमध्ये तशीच पडून राहिली. ती पुन्हा उघडायला निमित्त झालं ते अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका रस्त्याकडेच्या पुतळ्याचं.

मावसबहीण मिनिॲपोलिसला असते. एका उन्हाळ्यात तिच्याकडे गेले असताना ती, तिचा दहा वर्षांचा मुलगा आणि मी गाडीने उत्तरेला निघालो. बेमिजी गाव तिथून साधारण साडेतीनशे किलोमीटरवर. "वाटेत असले पुतळे खूप लागतात, सगळीकडे थांबायचं नाही," ताईने निघतानाच बजावलं होतं. ते अर्थातच पाळलं गेलं नाही.

बेमिजी हे मिसिसिपीवरचं पहिलं शहर. उगमापासून थोडं अंतर चालून नदी इथल्या तलावात शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. गावाचं मूळ ओजिब्वे नाव याच आडव्या वाहत्या पाण्यावरून आलं आहे. या तलावाच्या काठावर, पाण्याकडे पाठ करून, पॉल बन्यन उभा आहे. उंची १८ फूट. लाल-काळा चौकड्यांचा शर्ट, निळी विजार, झुपकेदार मिशा, दोन्ही हात कवायतीच्या 'सावधान'सारखे सरळ खाली. कुऱ्हाड नाही. शेजारी बेब हा निळा बैल. शिल्प म्हणून पाहिलं तर काम अगदी ओबडधोबड, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी घाईत उभारलेल्या देखाव्यासारखं. १९३७ च्या जानेवारीत गावाने हिवाळी जत्रा भरवली होती, तिच्यासाठी तो बांधला. नमुना म्हणून तेव्हाचे महापौर अर्ल बकलन यांना उभं केलं, त्यांची मापं घेतली आणि तिप्पट केली. म्हणजे हा राक्षस मुळात एक नगराध्यक्ष आहे. बेब तर आधी लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेला आणि ट्रकवर चढवलेला होता. ट्रकच्या धुराची नळी त्याच्या नाकपुड्यांत सोडलेली, त्यामुळे तो मिरवणुकीत फुसफुसत चालायचा. १९८८ मध्ये या जोडीची नोंद देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली.

आम्ही दहा मिनिटांसाठी उतरलो आणि पाऊण तास तिथे होतो. तेवढ्या वेळात कितीतरी गाड्या आल्या, काही कॅनडाच्याही. उतरणाऱ्यांपैकी फारसं कुणी पुतळ्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतं. सगळे सरळ बुटांकडे जायचे, बुटाला टेकून उभे राहायचे आणि समोरच्याला हात करायचे. भाच्याने मलाही तिथे उभं केलं. फोटोत मी पॉलच्या गुडघ्याशी आहे आणि उगाच हसते आहे. परदेशात आपण स्मारकासमोर कसं उभं राहावं याचा मला नेहमी संकोच वाटतो. इथे तो वाटला नाही. एवढ्या मोठ्या माणसाशेजारी सगळ्यांचं वय एकच होतं.

पण हा माणूस इथे का, हा प्रश्न बुटाला टेकल्यावरच पडला.

पॉल बन्यनच्या गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला लाकूडतोडीच्या तळांवर सांगितल्या जात असाव्यात. मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या पट्ट्यात पांढऱ्या पाइनची अफाट जंगलं होती आणि तोड चालायची हिवाळ्यात, कारण गोठलेल्या जमिनीवरून ओंडके ओढणं सोपं. अंधार असताना उठायचं, अंधार पडल्यावर परतायचं, ओले मोजे शेकोटीवर टांगायचे आणि एकमेकांना थापा मारायच्या. एका हिवाळ्यात इतकी थंडी, की बोललेले शब्द हवेतच गोठले आणि वसंतात सगळे एकदम ऐकू आले. पॉलच्या तळावरचा तवा इतका मोठा, की त्याला चरबी लावायला पोरं पायाला डुकराच्या मांसाचे तुकडे बांधून त्यावर घसरत फिरायची. उपाशी माणसाने तव्याची गोष्ट सांगावी यात नवल नाही. बेबच्या खुरांचे ठसे पाण्याने भरले आणि मिनेसोटाचे तलाव झाले, हीही त्यातलीच. चिखलदऱ्याच्या भीमकुंडात कीचकाला मारून भीमाने हात धुतले असं आपण सांगतो, त्याच जातीची.

ही गोष्ट तळावरून छापखान्यात कशी गेली, त्याच्या तारखा मात्र बऱ्याच नेमक्या आहेत. १९१० मध्ये जेम्स मॅकगिलिव्रे यांनी डेट्रॉइटच्या वर्तमानपत्रात यातल्या काही थापा एकत्र गुंफून छापल्या. १९१६ मध्ये बर्नीस स्टुअर्ट आणि होमर वॉट यांनी विस्कॉन्सिनच्या तोड-कामगारांकडून मिळवलेल्या गोष्टींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पण अमेरिकेच्या घराघरांत पॉल पोचला तो तिसऱ्याच वाटेने. रेड रिव्हर लंबर कंपनी ही मिनेसोटातली बडी लाकूड-कंपनी. तिचा मालक मिनिॲपोलिसचा टी. बी. वॉकर, गिरणी बेमिजीच्या दक्षिणेला, वॉकरच्या भागीदाराच्या नावाने वसलेल्या एका गावात. त्या गावाच्या नावाचा उच्चार देवनागरीत लिहिला की 'एकली' होतो. लिहिताना मी क्षणभर थबकले होते. आजूबाजूचा पाइन संपत आल्यावर कंपनीने आपलं बस्तान कॅलिफोर्नियातल्या वेस्टवुडला हलवलं. आता गिऱ्हाइकांना पटवायचं होतं, की तिकडचं लाकूडही तितकंच चांगलं आहे. हे काम विल्यम लॉहेड यांच्याकडे आलं. त्यांनी तरुणपणी मिनेसोटाच्या तळांवर काम केलं होतं, गोष्टी ऐकल्या होत्या आणि आता ते जाहिराती लिहीत. १९१४ मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. तिच्या नावाचं मराठी करायचं तर 'वेस्टवुड, कॅलिफोर्निया येथील श्री. पॉल बन्यन यांची ओळख'. पुस्तिका फुकट वाटली गेली, पुढे तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. बैलाचं 'बेब' हे नावही लॉहेड यांचंच म्हणतात. १९२४ आणि १९२५ मध्ये एस्थर शेफर्ड आणि जेम्स स्टीव्हन्स यांची पुस्तकं आली आणि पॉल बन्यन राष्ट्रीय लोकपुरुष झाला.

१९५० मध्ये लोकसाहित्याचे अभ्यासक रिचर्ड डॉर्सन यांनी या सगळ्या प्रकाराला एक नाव दिलं: 'फेकलोर'. 'फोकलोर'मधलं एक अक्षर बदलून केलेली ती कोटी आहे. मराठीत मला 'लोककथा'ला 'ठोककथा' सुचतं, ठोकून दिलेली कथा. डॉर्सन यांचा राग मला समजतो, पण पूर्ण पटत नाही. कारण गोष्ट मुळातून खोटी नव्हती. तिचा सांगणारा बदलला होता. तळावर कामगार जेव्हा सांगायचा, की पॉलने एका दुपारी अख्खं रान साफ केलं, तेव्हा तो आपल्या दुखऱ्या खांद्याची थट्टा करत होता. तेच वाक्य कंपनीच्या पुस्तिकेत आलं, की त्याचा अर्थ होतो: आमच्याकडे माल भरपूर आहे, ऑर्डर पाठवा. शब्द तेच राहून अर्थ उलटा होणं अनुवादकाला नवं नसतं.

रान साफ झालं होतं हे मात्र थापेतलं नव्हतं. १८३७ च्या जुलैमध्ये ओजिब्वे लोकांशी एक करार झाला आणि सेंट क्रॉय व मिसिसिपी या नद्यांमधला पाइनचा मोठा मुलूख अमेरिकन सरकारकडे गेला. दोनच वर्षांत सेंट क्रॉयच्या काठी व्यापारी लाकूड-गिरणी सुरू झाली. नंतरच्या करारांनी आणखी मुलूख गेला. १८८९ च्या नेल्सन कायद्याने ओजिब्वेंसाठी राखून ठेवलेल्या जमिनींचेही तुकडे पाडले आणि त्यांवरचा पाइन विक्रीला काढला. रेड लेकच्या लोकांनी तुकडे पाडू दिले नाहीत. त्यांची जमीन आजही सामायिक आहे. लीच लेकला तसं झालं नाही. तिथे मेलेली आणि पडलेली झाडं विकायची परवानगी होती, म्हणून ठेकेदार जिवंत झाडांना आग लावायचे. खोड वरून काळं पडलं की ते 'मेलेलं', आणि मग ते कवडीमोलाने मिळायचं. आतलं लाकूड शाबूत असायचं. या लुबाडणुकीविरुद्ध बोलणाऱ्यांत बुगोनेगीशिग हे वयस्कर गृहस्थ होते. १८९८ च्या ऑक्टोबरमध्ये सैन्य त्यांना पकडायला आलं, शुगर पॉइंटला चकमक झाली आणि सहा सैनिक मारले गेले. बुगोनेगीशिग हाती लागले नाहीत.

तोडीनंतर फांद्या, साली, शेंडे तसेच पडून राहत आणि कोरड्या उन्हाळ्यात पेटत. १ सप्टेंबर १८९४ ला हिंक्ली गाव असं जळालं. चारशेहून अधिक माणसं गेली. १९१८ मध्ये क्लोके गावच्या परिसरात तेच झालं, बळी पुन्हा चारशेहून अधिक. तोवर उद्योगाला उतार लागलाच होता. व्हर्जिनिया या मिनेसोटातल्याच गावी पाइनची शेवटची मोठी गिरणी होती, ती १९२९ मध्ये बंद पडली.

मागे उरलं काय? बुंधे, वाळू, दलदल आणि तलाव. बुंध्यांची जमीन शेतीला चांगली आहे असं सांगून ती विकायचा प्रयत्न झाला, पण ती चांगली नव्हती. तलाव मात्र चांगले होते. १९१७ मध्ये 'दहा हजार तलावांचं मिनेसोटा' अशा नावाने पर्यटनाचा प्रचार करणारी संस्था उभी राहिली; १९५० पासून हे दहा हजार गाड्यांच्या नंबरप्लेटवरही आले. (दहा एकरांहून मोठे तलाव मोजले तर ते ११,८४२ भरतात. जाहिरातीने आकडा कमी सांगितल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.) १९२० मध्ये राज्याने पक्क्या रस्त्यांचं जाळं विणायला घेतलं, १९२६ मध्ये देशभर महामार्गांना क्रमांक मिळाले. बेमिजीत २ आणि ७१ हे दोन महामार्ग एकत्र येतात. गाव आता रस्त्यावर होतं, पण रस्त्यावर असणं आणि रस्त्याने तुमच्यापाशी थांबणं यात फरक आहे.

पायी किंवा बैलगाडीने जाणारा माणूस कुठे थांबेल हे त्याचे पाय, जनावर आणि पाणी ठरवतात. विहीर, वडाचं झाड, धर्मशाळा यांना पाटी लागत नाही. मोटारीने ही गरज जवळजवळ मोडून काढली. टाकी भरलेली असेल तर गावं नुसती खिडकीतून सरकतात, आणि सरकत्या खिडकीतून पाटी वाचणं अवघड. पुतळा वाचावा लागत नाही. दुरून ओळखू येतो, आणि तो ओळखेपर्यंत ब्रेकवर पाय गेलेला असतो. १९३७ साली मंदीने गांजलेल्या बेमिजीने हे नेमकं ओळखलं, तेही हिवाळ्यात, तलाव गोठलेले असताना, जेव्हा तिकडे कुणी फिरकायचं कारण नव्हतं. वेग वाढला तशी पुतळ्यांची उंची वाढली असं म्हटलं तर ते फारसं चुकणार नाही.

त्या वाढीचं दुसरं टोक राज्याच्या दक्षिणेला ब्लू अर्थ गावी आहे. ९० क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग बोस्टनपासून सिएटलपर्यंत जातो. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून बांधत आणलेले त्याचे तुकडे १९७८ च्या सप्टेंबरमध्ये या गावाजवळ जुळले. तिथला काँक्रीटचा एक पट्टा सोनेरी रंगवला आहे. समारंभ थाटाचा झाला, पण या रस्त्याचा गावासाठी अर्थ एवढाच होता, की गाड्या आता बाहेरून जाणार. गावात 'ग्रीन जायंट' कंपनीचा मका-वाटाणा डबाबंद करण्याचा कारखाना होता आणि पॉल हेडबर्ग यांचं छोटं रेडिओ केंद्र. हेडबर्ग रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशांना बोलावून मुलाखती घेत आणि निरोप देताना मक्या-वाटाण्याचे डबे देत. प्रवासी विचारत, डब्यावरचा तो हिरवा राक्षस कुठे पाहायला मिळेल? तो कुठेच नव्हता. १९७९ च्या जुलैत तो ५५ फूट उंचीचा उभा राहिला, महामार्गावरून दिसेल असा. त्याच सुमाराला कंपनी पिल्सबरीने विकत घेतली.

रॉथसे गावच्या रानकोंबड्याचंही असंच. गवताळ माळ नांगरले गेले तसा हा पक्षी दुर्मीळ होत गेला. १९७६ मध्ये त्याचा १३ फुटी सिमेंटचा पुतळा झाला. मी ताईला म्हटलं, इथे पुतळा दिसला की समजावं, ती वस्तू संपली. ताई म्हणाली, "तुझ्या डोक्यात ना, नेहमी श्राद्धच चालू असतं." तिचंही बरोबर आहे. डार्विन गावी फ्रान्सिस जॉन्सन यांनी १९५० पासून २९ वर्षं गुंडाळलेला सुतळीचा गोळा आहे, वजन १७,४०० पौंड. त्यात काही संपल्याची खूण शोधायला गेलं तर हाती सुतळीच लागेल. गोळा एकसारखा गुंडाळता यावा म्हणून ते रेल्वेचे जॅक लावून तो उचलत. आम्ही तिथे गेलो नाही, वाकडी वाट होती. अजून चुटपुट लागून आहे.

बेमिजीच्या यशानंतर पॉलवर हक्क सांगणारे वाढले. ब्रेनर्डचा पॉल बसलेला आहे आणि बोलतो. फाटकातून शिरणाऱ्या मुलाला नावाने हाक मारतो. (आईबाप तिकीट काढताना नाव हळूच सांगून ठेवतात.) केलिहरला त्याची कबर आहे. पूर्वेला मेन राज्यात बँगॉर शहराने १९५९ मध्ये ३१ फुटी पॉल उभारून तो मुळात आपलाच असल्याचं जाहीर केलं. एकलीने १९८४ मध्ये त्याला गुडघ्यावर बसवलं, तळहात पुढे केलेला, म्हणजे माणसांना हातात बसून फोटो काढता यावा. गिरणी जाऊन तोवर सत्तर वर्षं होत आली होती. आम्ही तिथे पोचलो तेव्हा एक आजोबा त्या हातात बसले होते आणि उतरायला तयार नव्हते.

सगळ्यात चमत्कारिक वंशविस्तार मात्र साच्यातून झाला. १९६२ च्या सुमारास ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफच्या एका उपाहारगृहासाठी बॉब प्रेविट यांनी फायबरग्लासचा पॉल बन्यन केला. काँक्रीटच्या पुतळ्याला साचा वारसा देत नाही, फायबरग्लासच्या पुतळ्याला देतो. हा साचा पुढे कॅलिफोर्नियातल्या इंटरनॅशनल फायबरग्लास या कंपनीकडे गेला आणि तिने त्यातून शेकड्यांनी राक्षस काढून देशभर विकले: काउबॉय, अंतराळवीर, हॉटडॉग धरलेला, टायर धरलेला. त्यांना 'मफलर मॅन' म्हणतात, कारण बरेचसे मोटार दुरुस्तीच्या दुकानांबाहेर आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो तो धरून उभे असायचे. साचा मूळचा कुऱ्हाड धरणाऱ्याचा, म्हणून त्यांचा एक तळहात वर वळलेला असतो आणि दुसरा खाली. हातात काहीही दिलं तरी पकड कुऱ्हाडीचीच राहते.

बेमिजीच्या उत्तरेला, जिथे तुकडे पाडू दिले नाहीत त्या रेड लेकच्या बाजूला, पॉल बन्यनची आणखी एक गोष्ट सांगतात. पॉल तोडत तोडत तिथवर आला तेव्हा नानाबोझो त्याच्या आडवा उभा राहिला. नानाबोझो हा ओजिब्वे कथांमधला खोडकर, रूप पालटणारा, जगाची घडी बसवणारा नायक. (भाच्याला त्याच्या नावातला 'नाना' फार आवडला.) दोघांची कुस्ती कित्येक दिवस चालली. शेवटी नानाबोझोने तलावातला एक भलामोठा वॉलआय मासा उचलला आणि त्यानेच पॉलला झोडपलं. कुणी सांगतात पॉल मेला, कुणी म्हणतात रान सोडून पश्चिमेला गेला. कंपनी पश्चिमेला गेली होती हे आपल्याला माहीत आहेच. जाहिरातीतून आलेल्या नायकाला लोककथेत घेऊन तिथे त्याला मार खायला लावणं, ही मला ठोककथेवरची सगळ्यात चोख टीका वाटते.

आणि शस्त्र मासाच का? १८३७ च्या करारात ओजिब्वेंनी जमीन दिली, पण त्या मुलखात शिकारीचा, मासेमारीचा आणि रानातला तांदूळ गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्य सरकार तो हक्क मानेना. मिल लॅक्स तलावाकाठच्या ओजिब्वेंनी दावा लावला आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. वाद प्रामुख्याने वॉलआयचा होता. त्याच तलावाच्या काठावर, गॅरिसन गावी, रस्त्याकडेला अवाढव्य वॉलआय आहे. आम्ही थांबलो, फोटो काढला, आइस्क्रीम खाल्लं. पुतळा पाहून यातलं काही कळायचा मार्ग नव्हता, आणि मीही हे सगळं परत आल्यावरच वाचलं.

बेमिजीत मात्र पॉलपासून थोडं चालून गेलं की तलावाकाठी दुसरा एक पुतळा लागतो. शेनोविश्कुंग यांचा, गोऱ्या वसाहतकऱ्यांनी ज्यांना 'चीफ बेमिजी' म्हटलं. ते वंशपरंपरेने प्रमुख वगैरे नव्हते. आपल्या लोकांच्या वतीने बोलणारे, या तलावाकाठी राहणारे, १९०४ मध्ये वारलेले गृहस्थ. त्यांचा जुना लाकडी पुतळा अनेकांना अपमानास्पद वाटे. २०१५ मध्ये त्याच्या जागी ब्राँझचा नवा आला. तो पॉलहून पुष्कळ लहान आहे. गाडीतून दिसत नाही, पायी जावं लागतं. गावातल्या बऱ्याच दुकानांत आता ओजिब्वे पाट्या आहेत, स्वागताच्या, आभाराच्या, स्त्री-पुरुष स्वच्छतागृहांच्या. 'मिग्वेच' म्हणजे आभार. कॉफी देणाऱ्या मुलीला मी तो शब्द म्हणून पाहिला, तिने माझा उच्चार दुरुस्त केला.

परतल्यावर शेवटच्या दिवशी ताईने मला मिनिॲपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरला नेलं. समोरच्या शिल्पउद्यानात क्लास ओल्डनबर्ग आणि कूस्या व्हॅन ब्रुगन यांनी १९८५ ते १९८८ या काळात केलेला प्रसिद्ध चमचा आहे: ५२ फूट लांब, टोकावर लाल चेरी, देठातून उडणारं पाणी. इथे तिकीट नव्हतं, पण रांग होती. लोक तेच करत होते जे बेमिजीत बुटापाशी करत होते. फरक एवढाच, की हा पुतळा कलेच्या पुस्तकांत असतो आणि तो गाईडबुकांत. वॉकर हे नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. हा तोच टी. बी. वॉकर, एकलीच्या गिरणीचा, वेस्टवुडचा, 'श्री. पॉल बन्यन' यांचा मालक. लाकडाच्या पैशातून त्याने चित्रं जमवली आणि १८७९ मध्ये आपल्या घरातच ती लोकांना खुली केली. हे कलाकेंद्र त्यातून वाढलं.

मी हे ताईला सांगायला लागले, तेवढ्यात भाच्याने माझ्या हातात फोन दिला. त्याला चेरी आपल्या बोटांच्या चिमटीत धरल्यासारखा फोटो हवा होता. मी काढलेला त्याला पसंत पडेना. "मावशी, अजून मागे जा," तो ओरडत होता, "चमचा मावत नाहीये."